टळणें आणि टाळणें
(महोत्सवप्रसंगीं दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं आम्हीं चार शब्द बोलावे अशी सूचना जेव्हां झाली, तेव्हां आमच्याहून योग्य अशा वक्त्यांचीं नांवें आम्हीं पुढें केलीं. परंतु सूचनेची आज्ञा झाली, आणि आज्ञा कांहीं टाळवेना. मग मनांत आलें कीं, जी आज्ञा टाळतां आली नाहीं, तिच्यांतलें क्रियापदच आजच्या विषयासाठीं कां घेऊं नये? म्हणून ‘टळणें’ आणि ‘टाळणें’ या दोन शब्दांविषयीं, आणि त्यांच्या भावकींतल्या कांहीं शब्दांविषयीं, आपल्याशीं बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय लहान दिसेल. पण मनुष्य आपलें काम पुढें कां ढकलतो आणि दुसऱ्यापुढें कधीं नमतो, हे दोन प्रश्न प्रत्येक घरांत रोज उठतात. आणि त्या वेळीं तोंडीं जो शब्द येतो, त्यावर पुष्कळदां माणसांचें हित-अनहित अवलंबून असतें. आमच्या या गांवीं तर तें अधिकच खरें आहे.

बल्लारपूर हें गोंड राजांच्या राजधानीचें जुनें गांव. वर्धा नदीच्या कांठचा किल्ला अजून त्याची साक्ष देतो. पुढें येथें कोळसा निघाला. १९२९ सालीं काझीपेठ-बल्लारशाह हा लोहमार्ग पुरा होऊन दिल्ली आणि मद्रास यांची येथून थेट गांठ पडली. १९४५ सालीं नोंदलेल्या कंपनीनें कागदाची गिरणी काढली. जंगलांतलें सागवान येथल्या आगारांत येऊं लागलें. १९७७ सालीं चांदा धर्मप्रांत स्थापन झाला, आणि त्याचें कॅथेड्रल येथेंच आहे. कामाबरोबर माणसें आलीं, आणि माणसांबरोबर भाषा आल्या. मराठी ही घरची. हिंदी खाणीची, बाजाराची आणि स्टेशनाची. तेलुगु दक्षिणेकडील शेजाऱ्यांची. आणि केरळांतून आलेल्या धर्मगुरूंची व धर्मभगिनींची मलयाळम. एका बांकावर बसणाऱ्या चार कुटुंबांच्या चार मायबोली असाव्या, अशी आमची स्थिति आहे.

अशा ठिकाणीं शब्दांची चौकशी करणें हें विद्वानांनाच शोभणारें काम आहे असें समजूं नये. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट धर्मगुरु गोमंतकांत आले, आणि त्यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. त्यांनीं रचलेलें कोंकणीचें व्याकरण त्यांच्या निधनानंतर १६४० सालीं प्रसिद्ध झालें. परक्या भाषेचीं क्रियापदें एकेक करून शिकल्यावांचून त्या लोकांच्या मनापर्यंत पोंचतां येत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. तोच धडा आज आम्हां शेजाऱ्यांनाहि उपयोगी आहे.

आतां मूळ शब्दाकडे वळूं. मराठींत कांहीं क्रियापदें जोडीनें राहतात. फळ पडतें, आणि मूल तें पाडतें. पाणी गळतें, आणि आई तें गाळते. लांकूड जळतें, आणि मनुष्य तें जाळतो. तरणें-तारणें, मरणें-मारणें, सरणें-सारणें या त्याच जातीच्या जोड्या आहेत. आणि टळणें-टाळणें ही त्यांचीच बहीण. पहिल्या रूपांत घडणारी गोष्ट आपोआप घडते. दुसऱ्या रूपांत ती कोणीतरी घडवितो. लेखनांत पाहिलें तर फरक एका कान्याचा आहे. पण त्या एका कान्यांत करणारा माणूस उभा असतो. ही गोष्ट आपण लक्षांत ठेवावी. शेवटीं आम्हांला तिच्याकडे पुनः यावयाचें आहे.

जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व त्याची सुधारलेली आवृत्ति १८५७ सालीं. पुढें दाते-कर्वे प्रभृतींनीं महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळांत सिद्ध केले. एका शब्दाचे निरनिराळे अर्थ सुटे करून क्रमानें मांडण्याची शिस्त अशा कोशकारांनीं आम्हांला लाविली. तिला अनुसरून पाहतां, ‘टळणें’ या क्रियापदाचे बोलण्यांत येणारे मुख्य अर्थ तीन दिसतात.

पहिला अर्थ वेळ निघून जाणें. वैशाखांत येथें पारा ४५ अंशांच्या वर चढतो, तेव्हां वडील माणसें पाहुण्याला सांगतात, “दुपार टळूं द्या, मग निघा.” टळटळीत दुपार निराळी आणि टळलेली दुपार निराळी, एकींत ऊन डोक्यावर असतें, दुसरींत तें उतरणीस लागलेलें असतें. याच अर्थानें जेवणाची वेळ टळते आणि मुहूर्त टळतो. दुसरा अर्थ येऊं घातलेलें संकट न येतां परत जाणें. गंडांतर टळलें, पुराचा धोका टळला, रोग्याचें मरण टळलें, असें आपण म्हणतों, आणि म्हणतांना सुटकेचा श्वास टाकतों. तिसरा अर्थ आपल्या जागेवरून किंवा बोलावरून बाजूला होणें. “तो आपल्या शब्दापासून टळावयाचा नाहीं,” असें जुन्या वळणाचे लोक म्हणत. आज तेथें ‘ढळणें’ हा शब्द अधिक चालतो.

या तिन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे. मराठींत जें टळलें तें गेलें. टळलेली दुपार त्या दिवशीं परत येत नाहीं, टळलेला मुहूर्त पुनः सांपडत नाहीं, आणि टळलेलें संकटहि दाराशीं तिष्ठत उभें राहत नाहीं. जें टळलें तें पुढें कधींतरी होणार आहे, असा अर्थ या शब्दांत सहसा नसतो.

आणि येथेंच आमच्या गांवांतला घोटाळा सुरू होतो. हिंदींत हाच धातु ‘टलना’ आणि ‘टालना’ या रूपांनीं नांदतो. संकट टलना हा अर्थ तेथेंहि आहे. परंतु “परीक्षा टल गयी” असें हिंदी बोलणारा म्हणतो, तेव्हां परीक्षा पुढल्या तारखेवर गेली एवढेंच त्याच्या मनांत असतें. मराठी मुलानें “परीक्षा टळली” असें म्हटलें, तर ती आतां द्यावयाचीच नाहीं, असा आनंद त्यांत असतो. ध्वनि जवळजवळ एक, आणि अर्थ मात्र दोन गांवचे!

मुलाच्या परीक्षेपुरतें हें हंसण्यावारीं नेतां येईल. पण समजा, एखाद्या इस्पितळांत हिंदी बोलणारी परिचारिका खेड्यांतून आलेल्या मराठी बाईला सांगते कीं, “तुमच्या माणसाचें ऑपरेशन टल गया है.” डॉक्टर सोमवारीं येतील तेव्हां तें करावयाचें, हें परिचारिकेच्या मनांत. त्या बाईच्या कानीं मात्र ‘टळलें’ एवढेंच पडतें. देवानें रक्षण केलें, आतां शस्त्रक्रियेची गरज उरली नाहीं, असें समजून ती रोग्याला संध्याकाळच्या गाडीनें घरीं नेते. यांत कोणीहि खोटें बोललें नाहीं; कोणाचाहि हेतु वाईट नव्हता. तरी एका क्रियापदापायीं रोग्याचा जीव धोक्यांत येऊं शकतो. म्हणून आमची विनंति अशी कीं, जेथें दोन भाषांचीं माणसें भेटतात तेथें ‘टळलें’ एवढ्यावर कोणी थांबूं नये. सांगणारानें “आज नाहीं, अमुक वारीं” असा वार सांगावा. ऐकणारानें “मग कधीं?” हा एक प्रश्न विचारल्याशिवाय उठूं नये. दोन शब्दांच्या या प्रश्नानें मोठा अनर्थ चुकेल.

नकार जोडला म्हणजे हाच घोटाळा उलट्या बाजूनें होतो. हिंदींत ‘अटल’ म्हणजे मुख्यतः निश्चल, न डगमगणारा. मराठींत ‘अटळ’ म्हणजे जें चुकवितांच येणार नाहीं तें: मरण अटळ, दुष्काळ अटळ. निश्चल या अर्थीं आम्ही ‘अढळ’ म्हणतों. हिंदी माणूस श्रद्धेला ‘अटल’ म्हणतो तेव्हां ती तिचा गौरव करणारी गोष्ट होय. मराठींत श्रद्धेला ‘अटळ’ म्हणणें म्हणजे ती निरुपायानें गळ्यांत पडली असें सुचविणें होय. श्रद्धा अढळ असावी, कर्तव्य अटळ मानावें, हा भेद मुलांना शिकवितांना अवश्य सांगावा.

दुसरें उदाहरण तेलुगु शेजाऱ्यांचें. ‘वचन’ या अर्थाचा एक अरबी शब्द आमच्या देशीं आला आणि प्रत्येक भाषेनें त्याला आपल्या घरचें वळण दिलें. हिंदींत तो ‘वादा’ झाला, म्हणजे दिलेला शब्द. मराठींत तो ‘वायदा’ झाला, म्हणजे ठराविक दिवशीं देण्याघेण्याचा करार, त्यावरूनच वायदेबाजार. तेलुगूंत त्याचें ‘वायिदा’ झालें, आणि त्याचे अर्थ ठरलेली मुदत, हप्ता, आणि चक्क पुढें ढकलणें असे झाले. परीक्षा वायिदा पडली असें तिकडचीं वर्तमानपत्रें लिहितात. विचार करण्याजोगी गोष्ट आहे! वचनासाठीं आलेला शब्द दक्षिणेकडे जातां जातां तहकुबीचा शब्द बनला. पण मराठींतहि “तो नुसते वायदे करतो” असें म्हणतांना आम्ही त्याच वाटेनें निम्मे चालून गेलेले असतों. देणेंकरी एकसारखी नवी तारीख देऊं लागला, कीं तारखेवरचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडाला म्हणजे शब्दाचा अर्थहि बदलतो. मलयाळम भाषेंत पुढें ढकलण्याला जो शब्द आहे, ‘माट्टिवेय्क्कुक’, त्याचा अक्षरशः अर्थ ‘बदलून ठेवणें’ असा होतो. ठेवणें म्हणजे टाकणें नव्हे. ठेवलेली वस्तु पुनः उचलावयाची असते, हें त्यांत आपोआप आलें.

मग मराठींत काम पुढें नेण्याला शब्द नाहींत काय? पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे. आपल्या पतपेढ्या, मंडळें आणि शाळासमित्या यांच्या इतिवृत्तांत ते एकमेकांच्या जागीं पडतात, म्हणून त्यांची निवड येथें सांगतों. सभा सुरू होण्यापूर्वींच तिचा दिवस बदलला, तर ती ‘पुढें ढकलली’. सभा भरली, पण गणपूर्ति झाली नाहीं किंवा काम अपुरें राहिलें, आणि तीच सभा पुनः भरावयाची आहे, तर ती ‘तहकूब’ झाली. काम संपून सभा उठली, तर ती ‘बरखास्त’ झाली. ती घ्यावयाचीच नाहीं असें ठरलें, तर ती ‘रद्द’ झाली. एखाद्या निर्णयाची अंमलबजावणी कांहीं काळ थांबविली, तर त्याला ‘स्थगिति’ मिळाली. आणि कोणीहि कांहींच न ठरवितां काम मागें पडत गेलें, तर तें ‘लांबणीवर पडलें’. आणखी एक सूचना: “तारीख पुढें घेतली” असें कधीं लिहूं नये, कारण त्यांतून दिवस लवकर आला कीं उशिरा गेला हें कळत नाहीं. लवकर आणली असेल तर ‘अलीकडे आणली’ म्हणावें.

कचेऱ्यांना तहकुबीचें दुखणें जुनें आहे. १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेंत १९९९ च्या कायद्यानें दुरुस्ती झाली, आणि १ जुलै २००२ पासून ती अमलांत आली. दाव्याच्या सुनावणींत एका पक्षकाराला तीनपेक्षां अधिक वेळां तहकुबी देऊं नये, असें तिनें घातलेलें बंधन आहे. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा खुलासा केला कीं, पक्षकाराच्या हाताबाहेरचें अपवादात्मक कारण असेल, तर तीन वेळांनंतरहि तहकुबी देण्यास आडकाठी नाहीं. म्हणजे न्यायालयालाहि शेवटीं तोच प्रश्न विचारावा लागला, जो आमच्या त्या एका कान्यांत आहे: सुनावणी टळली, कीं टाळली?

आतां नमण्याच्या शब्दांकडे येऊं. काम लांबविणें आणि दुसऱ्यापुढें नमणें या गोष्टी दूरच्या वाटतात. पण इंग्रजींत दोहोंना एकच शब्द आहे, ‘डिफर’. लॅटिनमध्यें मुळांत ते दोन शब्द होते. ‘दिफेर्रे’ म्हणजे वेगळें वाहून नेणें, त्यावरून लांबविणें आलें. ‘देफेर्रे’ म्हणजे खालीं वाहून आणणें, त्यावरून दुसऱ्याच्या मताला मान देणें आलें. लॅटिन मागें पडली, आणि इंग्रजांच्या मुखीं दोन्ही शब्द एक झाले.

मराठींत त्यांची अशी गांठ पडली नाहीं. उलट नमण्याच्या नाना तऱ्हा आमच्या भाषेनें बारकाईनें वेगळ्या ठेविल्या आहेत. त्यांत दोन क्रियापदांचा खेळ पाहण्यासारखा आहे. आम्ही माघार घेतों, नमतें घेतों, पडतें घेतों. पण हार खातों, मार खातों, कच खातों. ‘घेणें’ ज्याच्याशीं जोडलें जातें तें मनुष्य समजून-उमजून पत्करतो. ‘खाणें’ ज्याच्याशीं जोडलें जातें तें त्याच्यावर येऊन आदळतें, किंवा त्याच्या कमकुवतपणामुळें घडतें. ‘पड खाणें’ हा प्रयोग या दोहोंच्या सीमेवर उभा आहे. दोघे भाऊ बांधावरून भांडले कीं म्हातारी आई थोरल्याला म्हणते, “तूं मोठा आहेस, तूं पडतें घे.” ती त्याला हार खा असें सांगत नाहीं. ज्याच्या अंगीं बळ आहे त्यानेंच पडतें घ्यावें, दुबळ्याकडून तें घेववूं नये, असा न्याय त्या वाक्यांत आहे. धाकट्याला दटावून गप्प बसविलें, तर त्यानें पडतें घेतलें असें म्हणतां येणार नाहीं. त्यानें मार खाल्ला, एवढेंच खरें.

त्याहून वरची पायरी मान देण्याची. वडिलांचा शब्द ‘झेलला’, त्यांचा शब्द ‘खालीं पडूं दिला नाहीं’, असें आपण म्हणतों. हिंदींतहि “बात न टालना” म्हणजे सांगितलेलें मानणें. म्हणजे हिंदी आणि मराठी दोघींनींहि मान देण्याची व्याख्या नकारानेंच केली आहे: न टाळणें, न पाडणें.

लांबणें आणि नमणें हीं एकत्र कधीं येतात, हें आमच्या स्टेशनावरचा कोणीहि सांगेल. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या आल्या, तर एकीला बाजूच्या रुळावर थांबावें लागतें. ती थांबते म्हणून तिची वेळ लांबते. आणि ती थांबते म्हणूनच दुसरीला वाट मिळते. त्या थांबण्याला कोणी हार म्हणत नाहीं. मात्र प्रत्येक वेळीं तीच एक गाडी बाजूला घालावी, आणि तिच्यांतल्या उतारूंना कारणहि सांगूं नये, हें कोणालाहि न्याय्य वाटणार नाहीं.

बंधुभगिनींनो, व्यवहारांत असेंच घडत असतें. मजुराची मजुरी ‘पुढें गेली’, विधवेच्या अर्जाचें काम ‘राहून गेलें’, आजारी शेजाऱ्याची भेट ‘जमली नाहीं’, थोरल्या मुलीचें शिक्षण ‘लांबलें’. हीं सारीं वाक्यें शुद्ध मराठी आहेत, आणि त्यांपैकीं एकांतहि करणारा माणूस नाहीं. जणूं वैशाखांतली दुपार टळावी, तशी हीं कामें आपोआप टळलीं! दुपार सूर्याच्या गतीनें टळते. मजुरी तशी टळत नाहीं. ती कोणाच्यातरी हातून टाळली जाते. आणि बहुधा असें दिसतें कीं, ज्याचें काम पुढें ढकललें जातें तो ढकलणाऱ्याहून दुबळा असतो. बलवानाची तारीख सहसा बदलत नाहीं.

‘टाळणें’ हें क्रियापद मुळांत वाईट नाहीं. अपघात टाळावा, कलह टाळावा, कर्ज टाळावें, रागाच्या भरांत निघणारा शब्द टाळावा. तें शहाणपण होय. काम, भेट, देणें आणि सत्य हीं टाळूं नयेत. त्याला टाळाटाळ म्हणतात. कर्म बदललें कीं त्याच क्रियापदाचा गुण बदलतो. म्हणून आमची सूचना इतकीच आहे कीं, घरीं, कचेरींत किंवा मंडळांत कोणतेंहि काम मागें पडलें, तर तोंडांतून ‘टळलें’ निघण्यापूर्वीं क्षणभर थांबून पाहावें, येथें काना हवा होता काय? हवा असेल तर तो द्यावा. “काम टळलें” याऐवजीं “काम आम्हीं टाळलें” असें एकदां स्पष्ट म्हटलें, म्हणजे “मग कधीं?” या प्रश्नाचें उत्तर आपोआप पुढें येतें, आणि खरोखर अडचण असेल तर “अमुक वारीं करूं” असा वार सांगून तो पाळतां येतो. मलयाळम शेजाऱ्यांच्या शब्दाप्रमाणें, ठेवलेलें काम उचलण्यासाठींच ठेवलेलें असावें.

स्वयंपाकघरांतून भाताचा वास येऊं लागला आहे. आपली जेवणाची वेळ आमच्यामुळें टळूं नये, आणि ती आम्हीं टाळली असा ठपकाहि आमच्यावर येऊं नये, म्हणून येथेंच आपली रजा घेतों.